फ्यूज वायरीसाठी असतो

कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या गाडीत प्रत्येक वायरीचा हिशेब झालेला असतो. कोणत्या दिव्याला किती करंट लागेल, तो किती लांबून येईल, त्यासाठी वायर किती जाड हवी आणि तिच्या तोंडाशी किती अँपिअरचा फ्यूज हवा, हे सगळे कोणीतरी आधी कागदावर मांडलेले असते आणि तपासूनही पाहिलेले असते. गाडी घरी येते, पेढे वाटले जातात, आणि महिनाभरात हा हिशेब मोडायला सुरुवात होते.

फॉग लॅम्प येतात. कंपनीचा हॉर्न मिळमिळीत वाटतो म्हणून दुसरा येतो. मग डॅशकॅम, मोबाइलचे दोन-तीन चार्जर, मागे बसणाऱ्यांसाठी पंखा, टायरमध्ये हवा भरायचा छोटा कॉम्प्रेसर. लांबच्या प्रवासाची हौस असेल तर फ्रिजसुद्धा. यातली एकही गोष्ट वावगी नाही. प्रश्न एवढाच आहे, की या सगळ्यांना करंट दिला कुठून?

बहुतेक गाड्यांत उत्तर एकच असते: जिथे हात पोचला तिथून. फॉग लॅम्पची वायर पार्किंगच्या वायरीला सोलून पिळलेली. डॅशकॅम स्टिरिओच्या मागून. चार्जर सिगारेट लायटरवरून. जे जड असेल ते थेट बॅटरीच्या धन टर्मिनलवर, एकाच बोल्टाखाली चार-पाच थिंबल एकावर एक चढवलेली. शेजाऱ्याच्या मीटरवरून वायर ओढून आपल्या घरात गिझर लावावा, तसा हा कारभार आहे. चालतो तोवर कोणाला कळत नाही. पुढे कधीतरी पार्किंगचा फ्यूज उडतो आणि त्याच्याबरोबर मीटरचा दिवाही जातो, किंवा इग्निशन स्विचला चटका बसतो, किंवा सकाळी गाडी सेल्फ घेत नाही. मग गाडी वायरमनकडे जाते आणि तो सीटखालचे मॅट उचलून, टेपच्या गाठी एकेक सोडवत, कोणी कधी काय जोडले याचा शोध घेत बसतो. या शोधाचे पैसे गाडीमालक देतो, पण त्यातून गाडीत सुधारणा काहीच झालेली नसते.

पुढच्या पानांचा विषय या सगळ्यावरचा एक जुना आणि साधा इलाज आहे: जादा वस्तूंसाठी वेगळा फ्यूज आणि रिले यांचा डबा. बॅटरीवरून एकच जाड वायर निघते. बॅटरीपासून वीतभर अंतरातच तिच्यावर मुख्य फ्यूज असतो. तिथून ती डब्यात जाते. डब्यात प्रत्येक वस्तूसाठी स्वतंत्र फ्यूज, जिथे गरज असेल तिथे स्वतंत्र रिले, आणि बाहेर पडणारी प्रत्येक वायर आपापल्या वस्तूकडे. परतीचा करंट एका जाड अर्थ वायरीने बॉडीवर. गाडीच्या मूळ वायरिंगकडून आपण फक्त एक इशारा घेतो, चावी फिरली किंवा दिवे लागले एवढाच. आणि तो इशारा अगदी क्षुल्लक करंटात मिळतो. मूळ हार्नेसला याहून जास्त काही मागायचे नाही, हे या सगळ्या कामाचे सूत्र.

क्षुल्लक म्हणजे किती, ते आकड्यांत पाहू. गाडीत सर्रास वापरल्या जाणाऱ्या 12 व्होल्टच्या रिलेच्या कॉइलचा रोध साधारण 80 ते 100 ओहम असतो. म्हणजे ती जेमतेम 0.15 अँपिअर घेते. तेवढ्यावर आतली लोखंडी पट्टी खेचली जाते, संपर्क जुळतो, आणि त्या संपर्कातून 30 किंवा 40 अँपिअर वाहू शकतात. लहान करंटाने मोठा करंट हाकायची ही युक्ती मोटारीच्याही आधीची आहे. 1830च्या दशकात तारायंत्राच्या प्रयोगांत ती जन्मली. लांबच्या तारेतून थकून आलेल्या इशाऱ्याने पुढच्या टप्प्यावरची ताजी बॅटरी चालू करायची, हे तेव्हाचे काम. 1912च्या कॅडिलॅकमध्ये विजेवर चालणारा स्टार्टर आणि दिवे एकत्र आले आणि मोटारीत वीज कायमची राहायला आली. तेव्हापासून स्टार्टरसारखी जड वस्तू चालकाच्या हातातल्या नाजूक स्विचने चालवायचा प्रश्नही तिच्याबरोबर आला. बटण छोटे आणि काम मोठे, अशी जोडी जमवायची तर मध्ये रिले लागतोच.

रिलेच्या पायांवरचे आकडे पाहून नवखा माणूस बिचकतो. 30, 85, 86, 87, कधी 87ए. हे आकडे जर्मन मानक डीआयएन 72552 मधून आलेले आहेत. 30 म्हणजे बॅटरीकडून येणारा कायमचा करंट, 87 म्हणजे वस्तूकडे जाणारा, 85 आणि 86 ही कॉइलची दोन टोके. 87ए असेल तर तो संपर्क रिले बंद असताना जुळलेला असतो. आपल्याकडच्या वायरमनला हे तोंडपाठ असते, पण शिकवले मात्र कोणी नसते. उस्तादाने हात धरून दाखवले, तेवढेच. एक तपशील त्यात बहुधा निसटतो. काही रिलेंमध्ये कॉइलला आतून डायोड जोडलेला असतो. कॉइलचा करंट तुटताच उलट्या दिशेने व्होल्टेजचा जोरदार झटका उठतो आणि तो झटका इलेक्ट्रॉनिक्सला मारक ठरू नये म्हणून ही सोय. अशा रिलेत 86 ला धन आणि 85 ला ऋण हे उलटसुलट चालत नाही. साध्या रिलेत चालते, म्हणून सवय लागते, आणि मग डायोडवाला रिले हाती आला की इशाऱ्याच्या वायरीवरचा फ्यूज का उडतो ते कळत नाही.

रिलेची किंमत कुठे वसूल होते, हे पाहायला हेडलाइटइतके चांगले उदाहरण नाही. एच-4 बल्ब 60/55 वॉटचा असतो. डिपरवर दोन बल्ब मिळून 110 वॉट, म्हणजे सुमारे 9 अँपिअर. बऱ्याच जुन्या गाड्यांत आणि कित्येक स्वस्त गाड्यांत हा सगळा करंट बॅटरीवरून डॅशबोर्डच्या आत, तिथून स्टिअरिंगजवळच्या स्विचमधून परत पुढे बल्बपर्यंत असा फिरून जातो. वायर 1 चौरस मिलिमीटरची आणि एकूण 4 मीटरची धरा. तिचा रोध सुमारे 0.08 ओहम. 9 अँपिअरला तिच्यातच 0.7 व्होल्ट खर्ची पडतात. स्विचचे झिजलेले संपर्क आणि कपलर यांचा वाटा वेगळा. आता उजेड कमी पडतो म्हणून मालकाने 100/90 वॉटचे बल्ब घातले. करंट 15 अँपिअर झाला. वायरीत खर्ची पडणारे व्होल्टेज जवळपास 1.2 वर गेले, आणि वायरीत निर्माण होणारी उष्णता तर करंटाच्या वर्गाच्या पटीत वाढते, म्हणून ती सहा वॉटवरून सतरा-अठरा वॉटवर पोचली. तीच वायर, तोच स्विच, तोच कपलर. प्लॅस्टिक पिवळे पडते, मग तपकिरी, मग एका पावसाळी रात्री घाटात दोन्ही दिवे एकदम जातात.

यातली खरी गंमत अशी की एवढे करून उजेड फारसा वाढत नाही. तंतूच्या बल्बचा प्रकाश व्होल्टेजच्या साधारण साडेतीनाव्या घाताने बदलतो. व्होल्टेज दहा टक्क्यांनी उतरले तर उजेड जवळपास तीस टक्क्यांनी उतरतो. म्हणजे मोठ्या बल्बसाठी मोजलेल्या पैशांतला चांगला हिस्सा वायरी तापवण्यात जातो. उलट, मूळचेच 60/55 वॉटचे बल्ब ठेवा, डिपर आणि अप्पर यांना एकेक रिले द्या, बॅटरीजवळून दीड मीटरची अडीच चौरस मिलिमीटरची वायर थेट बल्बपर्यंत न्या. तिच्यात खर्ची पडते 0.1 व्होल्ट. स्विचमधून आता 9 अँपिअरऐवजी 0.15 अँपिअर जातात, तो गाडीच्या आयुष्यभर पुरतो. आणि उजेड नजरेला जाणवेल इतका सुधारतो. समोरून येणाऱ्याचे डोळे दिपत नाहीत, पोलिसाने अडवायचे कारण राहत नाही. आधी रिले, मग लागलाच तर दुसरा बल्ब, असा माझा आग्रह आहे. आणि नव्वद टक्के माणसांना दुसऱ्या बल्बची गरजच उरणार नाही, असे मी बिनदिक्कत म्हणेन.

आता फ्यूज. या पुस्तिकेला नाव त्यावरूनच दिले आहे, कारण सगळा गोंधळ तिथे आहे. फॉग लॅम्पचा फ्यूज फॉग लॅम्प वाचवतो, असा सार्वत्रिक समज असतो. फॉग लॅम्प आतून शॉर्ट झाला तर तो गेलेलाच आहे. त्याला वाचवायचे काही उरलेले नाही. फ्यूज वाचवतो तो बॅटरीपासून त्या दिव्यापर्यंत गेलेल्या वायरीला, आणि तिच्यामार्फत तिच्या शेजारच्या वायरींना, गालिच्याला, सीटला, माणसांना. चांगल्या स्थितीतली मोटारीची बॅटरी शॉर्ट झाल्यावर काहीशे अँपिअर सहज ओतते. तेवढ्या करंटात दीड चौरस मिलिमीटरची वायर काही सेकंदांत लालबुंद होते आणि तिच्यावरचे पीव्हीसी जळू लागते.

हे एकदा मनात बसले की दोन गोष्टी आपोआप ठरतात. पहिली, फ्यूजचा आकडा वायर पाहून ठरवायचा. वस्तूला लागणारा करंट आधी काढा, तो वाहून नेऊन थंड राहील अशी वायर निवडा, आणि मग त्या वायरीला झेपेल त्याहून मोठा नाही असा फ्यूज घाला. दुसरी, फ्यूजची जागा करंट जिथून निघतो तिथे, वस्तूच्या जवळ नव्हे. बाजारात मिळणाऱ्या तयार वायरिंग किटमध्ये कधीकधी फ्यूज दिव्याच्या बाजूला असतो. तो तिथे असला काय नसला काय, बॅटरी ते फ्यूज ही सगळी वायर उघडी पडली. फ्यूज नसलेली, बॅटरीला जोडलेली, पत्र्याच्या भोकातून जाणारी वायर याहून धोकादायक वस्तू गाडीत दुसरी नाही. पेट्रोलची टाकीसुद्धा नाही. निदान तिच्या रचनेवर कोणी विचार केलेला असतो.

फ्यूज फार तंतोतंत वस्तू आहे असेही समजू नये. लाल रंगाच्या 10 अँपिअरच्या पट्टी फ्यूजमधून 11 अँपिअर तासन्‌तास वाहू शकतात. साडेतेरा झाले तरी तो उडायला काही मिनिटे घेऊ शकतो. 20 झाले की मात्र पाच सेकंदांच्या आत उडतो. म्हणून ज्या वस्तूला सतत 9 अँपिअर लागतात तिला 10 चा फ्यूज तोकडा पडतो. तो रोज तापेल, थकेल आणि काही महिन्यांनी विनाकारण जाईल. तिला निळा, 15 चा द्यावा आणि वायर त्या 15 ला शोभेल अशी घ्यावी. हे रंग सगळीकडे सारखे असतात हे आपले भाग्य. 1970च्या दशकात लिटलफ्यूज या अमेरिकी कंपनीने पट्टी फ्यूज आणले आणि ते जगभर रुळले; त्याआधीच्या काचेच्या नळीच्या फ्यूजवर आकडा वाचायला चष्मा लागायचा. आज 20 चा पिवळा, 30 चा हिरवा हे अंधारात टॉर्चच्या उजेडातही ओळखता येते. तरीही उडालेल्या पिवळ्याच्या जागी हिरवा घालणारे हात आहेतच. सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळणारेही होते. धूम्रपान कमी झाले हा त्या बाबतीतला एक अनपेक्षित फायदा.

फ्यूजला एक मोठी मर्यादा आहे आणि ती कोणत्याही किटच्या खोक्यावर छापलेली नसते. त्याला फक्त करंट दिसतो. सैल जोड दिसत नाही. समजा 15 अँपिअरच्या वाटेवर एक पिळून टेप मारलेला जोड आहे आणि त्याचा रोध 0.05 ओहम झाला आहे. त्या एका ठिकाणी अकरा वॉट उष्णता तयार होते, म्हणजे छोट्या सोल्डरिंग आयर्नएवढी. करंट मात्र 15 च्या वर जात नाही. उलट किंचित घटतो. फ्यूज शांत बसून राहतो आणि जोड टेपच्या आत भाजत राहतो. तापल्यावर तांबे काळे पडते, रोध आणखी वाढतो, जोड आणखी तापतो. गाडीत वायर जळाल्याचा वास येतो पण फ्यूज शाबूत, अशी तक्रार घेऊन येणाऱ्या माणसाच्या गाडीत हेच घडत असते. म्हणून डबा कितीही चांगला आणा, जोड चांगले नसतील तर त्या डब्याला अर्थ नाही.

जोड क्रिंप करावा की डाग द्यावा, यावर वायरमनांत हट्टाने दोन तट आहेत. माझा कौल क्रिंपला, पण अटीवर. योग्य मापाचे थिंबल आणि खाचा असलेली क्रिंपिंगची पक्कड हवी. साध्या पकडीने चेपटवलेले थिंबल क्रिंप म्हणवून घ्यायला लायक नाही. वायर दोन बोटांत धरून नेट लावून ओढावी, सुटली तर बरे झाले, आत्ताच सुटली. डाग दिलेला जोड विजेच्या दृष्टीने उत्तम असतो, पण कथील वायरीच्या तारांमध्ये पाझरून पुढे जाते आणि जिथे ते थांबते तिथे वायर काडीसारखी ताठ होते. इंजिनच्या थरथरीने ती नेमकी तिथे तुटते. डाग द्यायचाच असेल तर जोडाला दोन्हीकडून आधार द्या. आणि वायर सोलून नुसती पिळणे या प्रकाराला मात्र कोणत्याच तटात जागा देऊ नये.

वायर कोणती, हा प्रश्नही यातच येतो. दुकानातून घरगुती फिटिंगची वायर आणून गाडीत ओढणे हा आपल्याकडचा सर्रास प्रकार आहे. एकतारी असेल तर ती थरथरीत तुटणारच. अनेकतारी असली तरी साध्या घरगुती पीव्हीसीचे आवरण 70 अंश सेल्सिअसपर्यंतच्या तापमानासाठी केलेले असते, आणि मे महिन्यात विदर्भातल्या दुपारी इंजिनाच्या शेजारी ते किती पुरेल याचा अंदाज ज्याने त्याने करावा. मोटारीसाठीची बारीक तारांची, जास्त तापमान सोसणारी वायर मिळते. थोडी महाग पडते, पण पूर्ण कामाला लागते किती? काही मीटर.

डबा कुठे बसवायचा यावर पुढे एक आख्खे प्रकरण आहे, कारण आपल्या हवामानात ते लागते. कोकणातली खारी हवा, चार महिन्यांचा पाऊस, सर्व्हिसिंगला इंजिनावर मारला जाणारा पाण्याचा फवारा, आणि उंदीर. वायरी डब्याच्या खालच्या बाजूने बाहेर काढल्या आणि त्यांना खाली झोल दिला, तर पाणी वायरीवरून ओघळून आत शिरत नाही, थेंब होऊन झोलापाशी गळते. पत्र्यातून वायर नेताना रबरी ग्रोमेट हवेच. उघड्या पत्र्याची धार वर्षभरात वायर कापते. उंदरांवर खात्रीचा उपाय कोणाकडे नाही. बाजारात स्प्रे आणि जाळ्या पुष्कळ आहेत. वायरींवर घट्ट नालीदार पाइप घालून कुरतडायला सोपी अशी सैल टोके न ठेवणे, एवढे आपल्या हातात.

या सगळ्यात मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा ग्राहक मोटारवाला हौशी नाही. तो कोल्हापूर-सांगलीच्या रस्त्यांवर गळीत हंगामात दिसतो. मागे उसाने लादलेल्या दोन ट्रॉल्या, वर मोठमोठे स्पीकर, पुढे दिव्यांची रांग. ट्रॅक्टरची मूळ वायरिंग अगदी मोजकी असते. दोन हेडलाइट, इंडिकेटर, मागचा दिवा आणि ट्रॉलीचे सॉकेट. तिच्यावर ॲम्प्लिफायर चढवला की पहिला बळी कोण जातो? ट्रॉलीच्या मागचे दिवे. फ्यूज उडतो, हंगामाच्या घाईत कोणी बघत नाही, आणि रात्री काळोखात एक न दिसणारी भिंत रस्त्यावरून ताशी पंधरा किलोमीटरने चालू लागते. दर हंगामात पोलीस आणि साखर कारखाने ट्रॉल्यांना परावर्तक लावायच्या मोहिमा काढतात, त्या योग्यच आहेत. पण गाण्याचा करंट आणि मागच्या दिव्याचा करंट वेगळ्या फ्यूजवर केला तर स्पीकर बंद पडेल आणि दिवा चालू राहील, हे काम कोणत्याही गावातला वायरमन अर्ध्या दिवसात करू शकतो. ऊस वाहणाऱ्यांची हौस मला मुळीच खटकत नाही. रात्रभर एकट्याने स्टिअरिंग धरायचे तर गाणे हवेच.

इशारा कुठून घ्यायचा, यातही पुष्कळ शहाणपण लागते. सगळेच रिले चावीवर चालवणे सोयीचे आणि सुरक्षित. पण डॅशकॅम गाडी उभी असतानाही चालू हवा असतो. तो 0.25 अँपिअर घेत असेल तर दिवसाला 6 अँपिअर-तास झाले. छोट्या गाडीची बॅटरी 35 अँपिअर-तासांची असते. लग्नाला गावी गेलेल्या माणसाची गाडी चौथ्या दिवशी सेल्फ घेणार नाही, हे गणित बोटांवर करता येते. व्होल्टेज घसरल्यावर आपोआप तोडणारा छोटा कटऑफ मिळतो, तो अशा वस्तूसाठीच आहे.

नव्या गाड्यांनी हे काम थोडे नाजूक केले आहे, अशक्य नाही. त्यांत दिवे थेट स्विचवर नसतात. संगणक ते चालवतो, आणि कधी तो सेकंदाला शेकडो वेळा करंट चालू-बंद करून उजेड राखतो. अशा वायरीवरून रिलेला इशारा घेतला तर रिले तडतडत राहतो आणि लवकर मरतो. बल्ब बदलला किंवा वायर तोडून जोडली की डॅशबोर्डवर बिघाडाचे चिन्ह उमटते. बऱ्याच गाड्यांत बॅटरीच्या ऋण टर्मिनलवर करंट मोजणारा सेन्सर बसवलेला असतो. आपल्या डब्याची अर्थ वायर थेट त्या टर्मिनलवर जोडली तर आपण खर्च केलेला करंट सेन्सरला दिसतच नाही आणि चार्जिंगचा त्याचा अंदाज चुकतो. अर्थ बॉडीवरच, रंग खरवडून, स्वच्छ बोल्टाखाली. विजेच्या गाड्यांतही 12 व्होल्टची वेगळी बॅटरी असते आणि हा डबा तिच्यावर चालतो. नारिंगी रंगाच्या केबलला मात्र हात लावायचा नाही. तिथे शेकडो व्होल्ट असतात, आणि ते काम या पुस्तिकेचे नाही.

कायद्याबद्दल थोडक्यात. मोटार वाहन अधिनियम 1988 चे कलम 52 वाहनातल्या फेरफारांवर मर्यादा घालते. अनेक सुरांचे, कर्कश हॉर्न केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार चालत नाहीत. डबा नीट बसवला म्हणून बेकायदा हॉर्न कायदेशीर होत नाही. गाडी वॉरंटीत असेल तर मूळ हार्नेस कुठेही न कापता, तयार फ्यूज टॅप वापरून इशारा घ्यावा. तरीही आधी विचारून घेतलेले बरे.

ही पुस्तिका दोघांसाठी आहे. एक, आयटीआयमधून नुकता बाहेर पडलेला किंवा गॅरेजमध्ये हाताखाली काम करणारा मुलगा, ज्याचे हात तयार आहेत पण ज्याच्या समोरची सगळी माहिती इंग्रजीत आहे. दुसरा, गाडीचा मालक. वायरमनवर सगळे खापर फोडायची आपल्याला सवय आहे, आणि ती मला पटत नाही. दहा हजारांचे दिवे आणणारा मालक वायरिंगच्या मजुरीवर शंभर रुपयांसाठी घासाघीस करतो, 'एवढी जाड वायर कशाला' असे विचारतो, आणि संध्याकाळपर्यंत गाडी मागतो. त्या पैशांत आणि त्या वेळात जे होते तेच त्याला मिळते. चांगला वायरमन अशा वेळी नाही म्हणतो. पण नाही म्हणणे सगळ्यांनाच परवडत नाही.

म्हणून मालकांना एक विनंती. काम झाल्यावर दिवे लागतात का एवढेच पाहू नका. बॉनेट उघडून बॅटरीजवळचा मुख्य फ्यूज दाखवायला सांगा. वायर किती चौरस मिलिमीटरची घातली ते बिलावर लिहून घ्या. आणि डब्याच्या झाकणाच्या आतून एक कागद चिकटवून घ्या: कोणता फ्यूज कशाचा, किती अँपिअरचा, रिलेला इशारा कुठून घेतला. वायरमन लिहून देत नसेल तर तो सांगेल तसे स्वतः लिहा. पुढे ती गाडी दुसऱ्या गावात, दुसऱ्याच माणसासमोर उघडेल तेव्हा त्याला तो कागद लागेल.

स्वतः पाना हातात घेणार असाल तर बॅटरीची ऋण केबल आधी सोडवा आणि जोडताना ती शेवटी जोडा. ऋण केबल जागेवर असताना धन बाजूचा नट सोडवायला गेलात आणि पाना बॉडीला टेकला, तर बॅटरीचा सगळा करंट त्या पान्यातून वाहतो, आणि त्या वाटेवर एकही फ्यूज नसतो.